दुसऱ्या बाजूचं गाणं

डोंगरे बाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शाळेच्या घंटीला जुमानत नव्हती. तास संपला होता, पुढचा तास माझा होता आणि मी गणिताचं पुस्तक छातीशी धरून नववीच्या दारात उभी होते. आत ही ठेंगणी, जाड भिंगांची बाई फळ्यावर बेडकाचं काळीज काढून राहिली होती. मी जरा खोकले. भंडाऱ्याहून कोणी मराठी बाई नोकरीवर आली आहे हे तिच्या कानावर गेलं असावं, कारण मागं न वळताच ती म्हणाली, "थांबजो व बाई थोडी. बेडकाले अर्ध्या काळजाचा सोडून कशी येऊ?"

माझा शाळेतला पहिलाच दिवस. राग आला आणि हसूही आलं. वर्गातले पोट्टे काळीज पूर्ण होईपर्यंत जागचे हलले नाहीत. हलून उपयोग नाही हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात. शाळा हिंदी माध्यमाची, स्टाफरूम हिंदी, प्रार्थना हिंदी. मराठी बोलायला आम्ही दोघीच, म्हणून खिडकीजवळच्या दोन खुर्च्या आपोआप आमच्या झाल्या. ती जीवशास्त्र शिकवायची, मी गणित. घरी मी एकटी, तिच्या घरी ती आणि भाऊजी. मुलंबाळं नाहीत. त्याबद्दल बायका तिच्यासमोर हळहळायच्या, तेव्हा ती हळहळणं पूर्ण होईस्तोवर शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "झालं? आता चहा ठेवू?"

अर्धवट गोष्टीचा तिला मनापासून तिटकारा होता. ताटात शीत उरू द्यायची नाही, हाती घेतलेलं भांडण उद्यावर टाकायची नाही. एकदा आम्ही दोघी पावर हाउस भागातल्या टॉकीजमध्ये सिनेमाला गेलो. इतका रद्दी सिनेमा की मध्यंतरानंतर निम्मे लोक परत आलेच नाहीत. मी म्हटलं, चल व, घरी जाऊ.

"हिरो वाचते की मरते हे न पाहता जाशीन?"

"मेला तरी मले काही फरक पडत नाही."

"मले पडते."

शेवटी हिरो वाचला. बाहेर येऊन तिनं पदर झटकला आणि म्हणाली, "भिकारच होता. पण आता मले तसं म्हणायचा हक्क आहे." बाईचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात होतं, पण तेव्हा माझं लक्ष रिक्षा शोधण्याकडे होतं.

आता त्या गाण्याकडे येते. भाऊजी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. त्या काळात रशियन इंजिनियर लोक भिलाईत बायकापोरांसकट राहायचे आणि मुदत संपून मायदेशी जाताना घरचं सामान विकून जायचे. रशियन इस्त्रीला आमच्यात मोठी इज्जत, भारी म्हणून जड आणि जड म्हणून चांगली. अशीच एक इस्त्री आणायला भाऊजींनी हिला पाठवलं. घर गालीना नावाच्या बाईचं होतं. ती खोकी बांधून राहिली होती आणि कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअरवर एक रेकॉर्ड वाजत होती. ही दारात उभी राहिली ती उभीच. पाहुणी आली म्हणून गालीनानं सुई उचलली, तर ही म्हणाली, "नो नो. फुल." दोघींजवळ मिळून इंग्रजी तेवढंच. गालीनानं सुई परत काठावर ठेवली आणि दोघी जणी बांधलेल्या खोक्यांवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. तेवढ्यात इस्त्री दुसरंच कोणी घेऊन गेलं. ही प्लेअर आणि रेकॉर्ड घेऊन घरी आली. पुढं कित्येक महिने भाऊजी चुरगळलेल्या शर्टात ड्यूटीवर जायचे, आणि कोणी टोकलं तर म्हणायचे, "आमच्याकडे इस्त्री वाजते."

रेकॉर्ड हंगेरी देशाची होती. सत्तरच्या दशकातली. पहिल्या बाजूला छोटी छोटी गाणी होती, ती ठीकच. दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शब्द एकही कळायचा नाही. गालीनालाही कळत नव्हता म्हणे, तिच्यासाठीही ती भाषा परकीच. सुरुवातीला एकटी बासरी यायची. अगदी साधी धून, पोराला थोपटताना आईच्या तोंडून निघते तशी. मग खाली ढोल लागायचे आणि चाल अशी अडखळायची की पाय कुठं ठेवावा कळू नये. डोंगरे बाई बोटांवर मोजून दाखवायची, "सात मात्रा आहेत. रूपक ताल आहे व हा, रूपक. फक्त कोट घालून आला." मग ऑर्गन, मग गिटार, मग एक माणूस घसा खरवडून गायचा. मग एकेक वाद्य निघून जायचं आणि सगळं इतकं बारीक व्हायचं की रेकॉर्ड बंद पडली असं वाटावं. त्यातून एक सूर हळूहळू वर चढायचा, चढत चढत असह्य व्हायचा, आणि मग ढोलांचा नुसता धिंगाणा. तो धिंगाणा ओसरला की शेवटी तीच पहिली धून. पण आता एकटी नाही, सगळी वाद्यं तिच्या मागं उभी, आणि मघाचा खरवडणारा माणूस ती अगदी मऊ आवाजात गात असायचा.

मला विचाराल तर मधला भाग मला कधीच आवडला नाही, आणि मी तिला तसं तोंडावर सांगायची. ती म्हणायची, "मधलं सोसा लागते, मालू. नाही तर शेवट फुकटचा वाटते."

त्या गाण्यापायी तिनं एक जिद्द धरली. भिलाईत एकदा, फक्त एकदा, माणसांनी ते गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मधात न उठता ऐकावं. आवडलंच पाहिजे असं नाही. मी म्हटलं, "मी ऐकलं ना व एवढ्या वेळा."

"तू माझ्यासाठी बसते. तुझं धरत नाही मी. गाण्यासाठी बसणारं माणूस पाह्यजे."

"पण कावून एवढं?"

तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. "हे पाह्य. गालीना गेली. ज्यांनी हे गाणं केलं ते लोक कुठं असतीन देव जाणे, त्यांचं नावही कोणी ऐकलं नाही. या गावात ते फक्त मले माहीत आहे. मी गेली की हे गाणं इथं कधी नव्हतंच असं होईन. इतकं चांगलं केलेलं काम असं कसं जाऊ द्यावं?"

पहिला प्रयत्न तिनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केला. सेक्टरातल्या सगळ्या मराठी बायका बोलावल्या. वाण म्हणून स्टीलच्या सुरेख वाट्या आणल्या आणि त्या कपाटावर सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवल्या. मग जाहीर केलं की आधी गाणं, वाण नंतर. बायका वाट्यांकडे पाहत गुमान बसल्या. बासरीला माना डोलल्या. ढोलाला एकमेकींकडे बघणं झालं. बारीक भागात जांभया आल्या, पण कोणी उठलं नाही. मी मनात म्हटलं, बाई जिंकली आज. आणि तो चढता सूर सुरू झाला. पहिली उठली ती पाटलांची वहिनी. "माय व, भोंगा झाला. जनरल शिफ्ट सुटली." झालं. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांचं उठणं, बसणं, कुकर लावणं चालतं त्या बायका. कोणाच्या नवऱ्याला दारात उभं राहून चहा लागायचा, कोणाच्या घराची किल्ली तिच्याजवळच. डोंगरे बाई दारात हात आडवे करून ओरडत होती की अहो भोंगा नाही, गाणं आहे हे. ऐकतं कोण. चपलांचा ढीग विस्कटून सगळ्या गेल्या आणि आत ढोलांचा धिंगाणा चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी बायका शाळा सुटायच्या वेळेला वाण घ्यायला आल्या. हिनं दिलं नाही. "वाण शेवटपर्यंत बसणारीचं होतं." मी पाय धरायचीच बाकी होते, की बाई, सुगडाचं पाप लागेल, देऊन टाक. ऐकायची नाही. वर्षभर सेक्टरात बोलणी खाल्ली, आणि त्या वाट्यांतून आम्ही दोघी वर्षभर ताक प्यायलो.

मग तिला वाटू लागलं की रेकॉर्ड झिजते आहे. एकच प्रत. म्हणून ती पावर हाउसला साहूजींच्या दुकानात कॅसेटवर उतरवून घ्यायला दिली. साहूजी भला माणूस, कानाला जाणकार. रेकॉर्ड पाहूनच म्हणाले, "ये प्रोग्रेसिव रॉक है मैडम. अंग्रेज़ी वाला बहुत आता है, ये वाला पहली बार देखे." बाई खूश. कॅसेट घेऊन आम्ही घरी आलो, लावली, तर गाणं भलतंच लवकर संपलं. बारीक भाग गायब, गाणाऱ्या माणसावरून एकदम धिंगाण्यात उडी. आम्ही उलट पावली दुकानात. साहूजी अभिमानानं म्हणाले, "बीच में कुछु था नहीं मैडम, खाली-खाली आवाज़ था. तो हम साफ कर दिए."

मला वाटलं आता ही त्यांना खाते. तिनं फक्त स्टूल ओढलं. "साहूजी, एक बार और. मैं यहीं बैठी हूँ." गिऱ्हाइकं आली, भजनं मागून गेली, फिल्मी गाणी मागून गेली. रेकॉर्डिंग चालू असल्यामुळे साहूजींना दुसरं काही लावता येईना, आणि जागचं हलताही येईना. बारीक भागात त्यांचा हात सवयीनं बटणाकडे जायचा आणि बाईकडे पाहून परत यायचा. मी म्हटलं, "घे, हा बसला ना शेवटपर्यंत." ती म्हणाली, "याले मी बसवलं. धरत नाही."

त्या वर्षीच्या गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिनं वेळ मागून घेतली. सेक्रेटरीनं कंटाळून दिली. शामियान्यात चांगली गर्दी होती, बिगरमराठीही बरेच होते. आमच्या शाळेचे केमिस्ट्रीचे पांडे सर शेजारच्याच गल्लीत राहायचे, तेही प्रसादाला आले होते. पांडे सर मूळचे रीव्याचे, जीभ तिखट, आणि डोंगरे बाईशी त्यांचं प्रयोगशाळेच्या टेबलावरून कायमचं वाकडं. हिनं माइकवर नीट सांगितलं की मधात भोंग्यासारखा आवाज येईल, कोणी उठू नका. त्यामुळे भोंग्याची भीती नव्हती. पण भोंग्याच्या आधीची शांतता सांगायची राहून गेली. सगळं बारीक होत होत विरलं तसे पांडे सर मोठ्या सभ्यपणे टाळ्या वाजवू लागले. एकानं वाजवली की शामियाना वाजवतो. सेक्रेटरीनं चपळाईनं टेप बंद केला आणि बालगोपाळांच्या वेशभूषेची घोषणा केली. बाई स्टेजवर चढली, म्हणाली, "संपलं नाही, बसा." तोवर एक शिवाजी आणि दोन झाशीच्या राण्या तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

घरी जाताना मला वाटलं आता तरी ही रडेल. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "पांडेनं टाळी बरोबर जागी वाजवली. म्हणजे तो तिथपर्यंत ऐकून राहिला होता." मी कपाळावर हात मारला.

पुढची कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये पांडे सर तिला छेडत राहिले. "मैडम, आपका वो भोंपू वाला भजन कैसा है?" आणि ही वह्या तपासता तपासता म्हणायची, "सर, आप आधे आदमी हैं. आधा सुनके ताली बजाते हैं." बाकी सगळे हसायचे. पांडे सरही हसायचे, पण ते बोलणं त्यांना लागायचं. दरवेळी ते पाठ वळवून कपाटात काहीतरी शोधू लागायचे.

मधल्या काळात रशियन लोक गेले, गालीनाचा देशही नकाशावरून गेला. कॅसेट दमट हवेनं खराब झाली. मंडळानं पुन्हा वेळ दिली नाही. कॉलेजात जाणाऱ्या पोरांना तिनं घरी बोलावून पाहिलं, ती पोरं बासरी संपायच्या आत फ्रीजकडे पाहू लागायची. दरवेळी ती रेकॉर्ड पुसून खोळीत घालायची आणि म्हणायची, "पाहू." हार मानल्याचं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मग तिची रिटायरमेंट आली. प्लांटच्या गावात रिटायर होणं म्हणजे मोठा सोहळा. हार, शाल, नारळ, आणि प्रत्येकाचं भाषण. आयुष्यभर ज्यांनी तुम्हाला नमस्कार केला नाही तेही तुम्हाला दिवा, ज्योत, वटवृक्ष असं काय काय म्हणतात. आणि मग क्वार्टर सोडून जायचं. भाऊजी आधीच रिटायर झाले होते, वर्ध्याला घर बांधून तयार होतं, ट्रक ठरला होता. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या दिवशीच.

ती सरळ प्राचार्यांकडे गेली आणि म्हणाली, माझ्यावर भाषणं नकोत, तेवढा वेळ मला द्या. गाणं लावायचं आहे. प्राचार्यांनी घाबरून विचारलं, "कितना लंबा है?"

"जितने भाषण होते, उससे छोटा."

हॉलमध्ये टेबलावर प्लेअर मांडला. भाऊजी स्कूटरवर तो मांडीशी धरून आणताना दमले होते, ते पहिल्या रांगेत बसले आणि गाणं लागायच्या आधीच झोपले. गळ्यात झेंडूचे हार घेऊन बाई उभी राहिली. यावेळी तिनं भोंग्याचं सांगितलं, शांततेचंही सांगितलं. "जब लगे कि ख़त्म हो गया, तब ख़त्म नहीं हुआ है. बस इतना याद रखिए." आणि सुई ठेवली.

लोकांनी प्रयत्न केला, तसं नाही म्हणायचं मला. पण बस कोणासाठी थांबते. सुरुवातीच्या ढोलात प्राचार्यांना फोन आला आणि ते गेले. ज्यांनी नेहरू नगरला, जुनवानीला घरं बांधली होती त्यांचा ऑटो दारात येऊन हॉर्न देऊ लागला. एकेक जण वाकून, नमस्कार करून, बाईकडे पाहून कसनुसं हसत निघाला. ती प्रत्येकाला मान हलवून निरोप देत होती, पण सुईला हात लावत नव्हती. शांततेचा भाग आला तेव्हा हॉल जवळपास रिकामा होता. मला इतका राग आला होता त्या खुर्च्यांचा, आणि तिचाही, की कशाला मांडलंस हे सगळं. ती ताठ उभी होती, रिकाम्या हॉलकडे तोंड करून, भरल्या हॉलसमोर उभी असावी तशी.

भोंगा चढला, ढोल झाले, आणि शेवटची धून आली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं ऐकलं, मैत्रिणीसाठी ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मधलं होतं म्हणून हे असं वाटतं. मी डोळे पुसले आणि सुई उचलल्याचा आवाज आला.

मी बॅग घेऊन उठले. तेव्हा मला दिसलं की मागच्या दाराजवळ खांबाला टेकून पांडे सर बसले आहेत. त्याच वेळेला नेहरू नगरला त्यांची ट्यूशनची बॅच असायची आणि ती त्यांनी कोणाच्या मयतीसाठीही चुकवलेली नव्हती. मला वाटलं होतं ते केव्हाच गेले. ते उठून टेबलापर्यंत आले, घसा साफ केला. त्या दिवशी चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मैडम, वो आख़िर वाला. एक बार और लगा दीजिए."

"नहीं."

"बस उतना ही. सुई वहीं तो रखनी है."

"अकेला वो कुछ नहीं है, पांडे सर." ती शांतपणे म्हणाली. "सुनना है तो शुरू से बैठना पड़ेगा."

पांडे सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही तोड काढेन. मी काढली नाही. मी दाराकडे निघाले, कारण तिथं आता माझं काही काम नव्हतं. आठवड्यानं ट्रक गेला, त्या गडबडीत आमची भेट झालीच नाही, आणि पुढं ती वर्ध्याची झाली, मी इथली राहिले. म्हणून तिला शेवटचं पाहिलं ते व्हरांड्यातल्या खिडकीतून. गळ्यातले हार एका हातानं बाजूला धरून ती रेकॉर्डवर वाकली होती आणि सुई अगदी काठाशी ठेवत होती. पांडे सर एक खुर्ची ओढत आणून भाऊजींच्या शेजारी पहिल्या रांगेत बसले.